काचेवरचा डाग आणि बोटांवरची जखम

संध्याकाळी सातनंतरचा दुपदरी रस्ता. समोरून ट्रक येतो, त्याच्या दिव्यांचा झोत गाडीच्या पुढच्या काचेवर पडतो आणि सगळी काचच पांढरी होऊन जाते. रस्त्याची कड दिसत नाही, पुढे कोणी सायकलवाला आहे की नाही ते कळत नाही. ट्रक निघून जातो आणि पुन्हा सगळे दिसू लागते. हा खेळ जेमतेम दोन सेकंदांचा. पण ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर पुढे सरकते. म्हणजे दोन सेकंदांत सुमारे ३३ मीटर अंतर चालकाने काहीही न दिसता कापलेले असते. घरी आल्यावर तो म्हणतो, ‘हल्ली रात्रीचे नीट दिसत नाही, नंबर वाढलेला दिसतोय.’ नंबर वाढलाही असेल. पण पुष्कळदा दोष डोळ्यात नसतो, डोळ्यापुढच्या काचेत असतो.

आता दुसरे दृश्य. रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर अशीच एक डागाळलेली काच घेऊन गिऱ्हाईक येते. तिथला मुलगा प्लॅस्टिकच्या कॅनमधले, नावगाव नसलेले पाणी फडक्यावर घेतो, उघड्या हाताने काचेवर फिरवतो आणि महिनोन्महिने न निघालेला डाग मिनिटभरात नाहीसा होतो. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. रात्री त्या मुलाची बोटे ठणकू लागतात. वरून पाहावे तर कातडी थोडी लाल, बाकी काही नाही. सकाळपर्यंत ठणका सहन होईनासा होतो आणि नखाखालची जागा पांढुरकी, मग काळपट दिसू लागते. कॅनमधल्या पाण्यात हायड्रोफ्लोरिक आम्ल असेल, तर हे असेच घडते.

गाडीची काच साफ करणे हा वरकरणी आरोग्याचा विषय वाटत नाही. पण काचेच्या आतल्या बाजूला चालकाचे डोळे असतात आणि बाहेरच्या बाजूला ती पुसणाऱ्याचे हात. दोन्ही सांभाळायचे, तर डाग कशाचा आहे आणि तो कशाने निघतो, हे आधी समजून घ्यायला हवे.

काच पांढरी का होते?

स्वच्छ, गुळगुळीत काचेतून प्रकाश सरळ आरपार जातो. काचेवर क्षारांचे कण, तेलकट थर किंवा बारीक ओरखडे असले, की त्यातला काही प्रकाश वाट सोडून सगळीकडे विखुरतो. दिवसा हा विखुरलेला प्रकाश फारसा जाणवत नाही, कारण बाहेरचे दृश्यही तेवढेच उजळ असते. रात्री मात्र बाहेर अंधार आणि काचेवर प्रखर झोत अशी स्थिती होते. विखुरलेल्या प्रकाशाचा एक पांढरा पडदा समोरच्या अंधूक वस्तूंवर पसरतो आणि गडद कपड्यांतला पादचारी, रस्त्यावर बसलेली गाय, दिवे नसलेली ट्रॉली त्यात हरवून जाते. सकाळी पूर्वेकडे किंवा संध्याकाळी पश्चिमेकडे गाडी चालवताना, सूर्य खाली असताना, हाच अनुभव येतो.

मोटार वाहन नियमांनुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. पण धुरकट काचेचा प्रश्न या आकड्याने सुटत नाही. अशी काच प्रकाश अडवत नाही, तो विखुरते. त्यामुळे काच पुरेशी पारदर्शक असूनही रात्री धोकादायक ठरू शकते.

त्यात वयाची भर पडते. डोळ्यातले नेत्रभिंग जन्मापासून हळूहळू गढूळ होत असते. डोळ्याच्या आत विखुरणारा प्रकाश पासष्ट ते सत्तरीच्या सुमारास तरुणपणाच्या साधारण दुप्पट झालेला असतो आणि मोतीबिंदू असेल तर त्याहून बराच जास्त. पंचविशीतला चालक डागाळलेल्या काचेतूनही निभावून नेतो. त्याच गाडीत त्याच रस्त्यावर वडील बसले, तर त्यांच्या डोळ्यांसमोर दोन पडदे येतात, एक काचेचा आणि एक स्वतःच्या भिंगाचा.

बाहेर क्षार, आत तेलकट थर

काचेच्या बाहेरच्या बाजूचा सर्वांत चिवट डाग पाण्याचाच असतो. बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याची कठीणता लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि दुसरी सोय नसेल तर ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालते. गाडी धुण्यासाठी वापरले जाणारे बोअरचे पाणी याहूनही कठीण असू शकते. उन्हात उभी असलेली गाडी अशा पाण्याने धुतली आणि न पुसता सोडली, की प्रत्येक थेंब जागच्या जागी आटतो आणि मागे पांढरी कडी ठेवून जातो. चहाच्या भांड्यात किंवा गिझरच्या कॉइलवर जमते तेच हे साटे.

हे साटे ताजे असते तेव्हा काचेवर नुसते बसलेले असते. पण पाण्यातल्या सिलिकाचा अंश काचेला घट्ट चिकटतो, कारण काच मुळात सिलिकाचीच. शिवाय काचेवर ओल वारंवार साचून राहिली, की काचेतले सोडियम पाण्यात उतरते, ते पाणी अल्कधर्मी बनते आणि काचेचा पृष्ठभाग कुरतडू लागते. मग तो डाग काचेवरचा राहत नाही, काचेतला होतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्लॅबमधून ठिबकणारे चुन्याचे पाणी याच कारणाने फार वाईट. काही दिवस ते एकाच जागी पडत राहिले, तर काचेवर कायमची खूण उमटते. याखेरीज रस्त्याच्या डांबराचे ठिपके, पक्ष्यांची विष्ठा, चिरडलेले किडे आणि आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीवर तुडतुड्यांनी सांडलेला चिकट, गोडसर द्रव हेही असतेच.

आतल्या बाजूची गोष्ट वेगळी. डॅशबोर्ड आणि सीटच्या प्लॅस्टिकमध्ये ते मऊ राहावे म्हणून काही तेलकट रसायने घातलेली असतात. गाडी उन्हात तापली की त्यांची वाफ निघते आणि काचेच्या आतल्या बाजूला तिचा पातळ थर बसतो. नव्या गाडीत हा थर जास्त दिसतो. सिगारेटचा धूर आणि डॅशबोर्ड चमकवण्याचे सिलिकॉनयुक्त पॉलिश त्यात भर घालतात. हा थर दिवसा दिसतही नाही. पावसाळ्यात काच पुन्हा पुन्हा धूसर होते आणि बोटाने पुसली की रेघा उमटतात, तेव्हा तो कळतो. बहुतेक लोक गाडी बाहेरून रोज पुसतात आणि आतून वर्षभर हात लावत नाहीत. रात्री डोळे दिपण्यात या आतल्या थराचा वाटा मोठा असतो.

आधी पाणी, मग कापड

काच साफ करताना होणारी सर्वांत नेहमीची चूक म्हणजे कोरडी पुसणे. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर काच साडेपाचच्या आसपास येते, तर वाळूतले क्वार्ट्‌झ सातवर. धुळीने भरलेल्या काचेवर सुके फडके फिरवणे किंवा पाणी न मारता वायपर चालवणे म्हणजे काचेवर पॉलिश पेपर घासण्यासारखेच. वायपरच्या पात्याने वर्षानुवर्षे काढलेल्या अर्धगोल रेघा समोरच्या दिव्यात चकाकतात, त्या यातूनच येतात.

म्हणून पहिली पायरी भरपूर पाण्याची. गाडी सावलीत आणि काच थंड असताना आधी धूळ वाहून जाऊ द्यावी. मग सौम्य शाम्पूच्या पाण्याने धुऊन, पुन्हा स्वच्छ पाणी ओतून, थेंब आटण्याआधी मायक्रोफायबरच्या कापडाने टिपून घ्यावे. नुसत्या या शेवटच्या सवयीने निम्मे डाग पडतच नाहीत. काचेचे कापड वेगळे ठेवावे. बॉनेटवर वॅक्स लावलेले फडके काचेवर फिरले की नवा तेलकट थर तयार.

क्षारांच्या डागांसाठी घरातले आम्ल पुरते. साधे पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून किंवा पेलाभर पाण्यात चमचाभर लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून त्यात भिजवलेले कापड डागावर दोन-तीन मिनिटे ठेवावे आणि वाळू न देता धुऊन टाकावे. चुन्याचे क्षार त्यात विरघळतात. एकदा न गेल्यास दोन-तीनदा करावे, आम्लाची तीव्रता वाढवू नये. हे पाणी गाडीच्या रंगावर किंवा खालच्या शहाबादी फरशीवर सांडू देऊ नये. ती फरशीही चुनखडीचीच असते, डाग तिच्यावर पडेल. डांबर, वॅक्स असे चिकटलेले पदार्थ ओल्या काचेवर क्ले बार फिरवून निघतात. ही एक प्रकारची मऊ माती असते. ती कण उचलून घेते. ती जमिनीवर पडली तर खडे चिकटतात, मग काचेला लावू नये.

आतल्या बाजूला पाणी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल समप्रमाणात घेतलेले पुरते. ते काचेवर फवारण्याऐवजी कापडावर घ्यावे, पुसावे आणि लगेच दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपावे. हे करताना गाडीची दारे उघडी असावीत आणि जवळ विडी-सिगारेट पेटलेली नसावी. मागच्या काचेत बारीक तारा असतील, तर त्यांच्या दिशेनेच कापड फिरवावे. अमोनिया असलेले काचेचे स्प्रे फिल्म लावलेल्या काचेला मानवत नाहीत. आणि दोन साफसफाईची रसायने एकमेकांत कधीही मिसळू नयेत: ब्लीचमध्ये बाथरूमचे ॲसिड पडले तर क्लोरीन वायू निघतो, अमोनिया पडला तर क्लोरामाइन. बंद गाडीत दोन्ही फुप्फुसांवर घाव घालतात.

वायपरच्या टाकीतल्या पाण्याकडेही लक्ष हवे. इंग्लंड आणि वेल्समधल्या चालकांचा २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. लिजिओनेला या जिवाणूमुळे होणारा न्यूमोनिया, काच धुण्याचा द्रव न घालता टाकीत नुसते पाणी भरणाऱ्यांमध्ये अधिक आढळला होता. कोमट, साचलेल्या पाण्यात हे जिवाणू वाढतात आणि फवाऱ्याच्या सूक्ष्म तुषारांतून श्वासात जाऊ शकतात. उपाय सोपा आहे: टाकीत बाजारात मिळणारा काच धुण्याचा द्रव कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात घालावा आणि जुने पाणी महिनोन्महिने साचू देऊ नये.

पॉलिश कधी आणि कधी नाही

व्हिनेगरने न गेलेला डाग एकतर सिलिकाचा असतो किंवा काचच कुरतडली गेलेली असते. त्यासाठी सिरियम ऑक्साइडची बारीक पूड वापरतात. चष्म्याची आणि दुर्बिणीची भिंगे घासायलाही तीच लागते. ती पाण्यात कालवून नमद्याच्या चकतीने काचेवर फिरवली की डाग आणि काचेचा अगदी पातळ थर निघतो. सिरियम नुसते घासत नाही, काचेच्या पृष्ठभागाशी त्याची रासायनिक क्रियाही होते. म्हणून ते काचेला इतके लागू पडते.

मात्र दोन गोष्टी जपायच्या. चकती कोरडी पडली तर काच तापते आणि तडकते. आणि पुढच्या काचेवर एकाच जागी जास्त घासले तर तिथे उथळ खळगा होतो. तो भिंगासारखा वागतो आणि त्यातून रस्ता वाकडा दिसतो. ज्या ओरखड्यात नख अडकते, तो चालकाच्या नजरेसमोर असेल तर घासत बसू नये, काच बदलावी. पुढची काच ही दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा थर घालून बनवलेली असते, म्हणून ती फुटली तरी तुकडे अंगावर येत नाहीत. तिच्यात तडा गेला असेल तर पॉलिशने काही साधत नाही.

पॉलिश करणाऱ्यानेही काम ओलेच ठेवावे, मास्क आणि चष्मा लावावा. वाळलेल्या पुडीची धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली तर तिचे कण फुप्फुसात साठून आजार झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

बिननावाचे आम्ल

घासायला अर्धा दिवस लागतो. म्हणून झटपट डाग काढणारी बाटली पुढे येते. डाग निघाला हे महत्त्वाचे नाही, तो कशामुळे निघाला हे महत्त्वाचे. सिलिका विरघळवू शकणारी रसायने फार थोडी आहेत आणि त्यांतले सर्वांत प्रभावी हायड्रोफ्लोरिक आम्ल. ते काच खाते, म्हणून काचेच्या बाटलीत ठेवताच येत नाही. नेहमी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये असते. त्याचाच भाऊ म्हणजे अमोनियम बायफ्लोराइड. तोही कातडीला तसाच घातक.

सल्फ्युरिक आम्ल अंगावर पडले की माणूस तत्क्षणी ओरडतो आणि पाण्याकडे धावतो. हायड्रोफ्लोरिक आम्लाचे उलटे आहे. रसायनशास्त्राच्या भाषेत ते ‘सौम्य’ आम्ल, म्हणजे पाण्यात त्याचे रेणू फारसे फुटत नाहीत. पण हे लहान, विद्युतभार नसलेले रेणूच कातडीतून सहज आत झिरपतात. आत गेल्यावर त्यातले फ्लोराइड कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला पकडते. पेशी मरतात, मज्जातंतू पेटून उठतात, हाडापर्यंत इजा पोहोचू शकते. तीव्रता २० टक्क्यांहून कमी असेल तर वेदना सुरू व्हायला २४ तासही लागू शकतात. २० ते ५० टक्क्यांत एक ते आठ तास. त्याहून तीव्र असेल तर लगेच जळते. वेदना भयंकर आणि जखम मात्र किरकोळ दिसणारी, ही याची ओळख. तीव्र आम्लाची दोन-तीन तळव्यांएवढी भाजसुद्धा रक्तातले कॅल्शियम इतके खाली आणू शकते की हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावतो.

हे केवळ पुस्तकातले भय नाही. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात २००१ ते २०१३ या काळात गाड्या आणि ट्रक धुणाऱ्या ४८ कामगारांना या आम्लाने भाजल्याची नोंद झाली. त्यांतले सात रुग्णालयात दाखल झाले, दोघांवर शस्त्रक्रिया करावी लागली. याशिवाय ट्रक धुणाऱ्या एका कामगाराचा असा द्रव पोटात गेल्याने मृत्यू झाला. तिथे ही उत्पादने लेबल लावून येत होती. सुटे विकल्या जाणाऱ्या, लेबल नसलेल्या कॅनमध्ये काय आहे, हे तर वापरणाऱ्याला कळायचीही सोय नसते.

भाजल्यास काय करावे?

अशा द्रवाचा स्पर्श झाल्याचा संशय आला, की वेदनेची वाट पाहू नये. अंगठी, घड्याळ, भिजलेले कपडे काढून ती जागा वाहत्या पाण्याखाली किमान १५ मिनिटे धरावी. डोळ्यात गेले तर पापण्या उघड्या धरून तेवढाच वेळ, जमल्यास अधिक, पाणी सोडावे. पोटात गेले तर उलटी करवू नये. हळद, टूथपेस्ट, शाई असे काही लावू नये. त्यानंतर थेट मोठ्या रुग्णालयात जावे. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. आम्लाचा कॅन किंवा निदान त्याच्या लेबलचा फोटो सोबत न्यावा आणि ‘काच साफ करायच्या ॲसिडने भाजले’ हे स्पष्ट सांगावे. हे वाक्य फार मोलाचे आहे, कारण नुसती लाल कातडी पाहून हा विकार ओळखणे कठीण असते.

यावरचे औषध महाग किंवा दुर्मीळ नाही. कॅल्शियम ग्लुकोनेटचे अडीच टक्क्यांचे जेल जखमेवर चोळून लावतात. तयार जेल नसेल तर इंजेक्शनचे औषध पाण्यात विरघळणाऱ्या जेलमध्ये मिसळून रुग्णालयात बनवता येते. जेल पुरले नाही तर तेच औषध जखमेभोवती किंवा रक्तवाहिनीतून देतात, आणि हृदयाचा आलेख व रक्तातले कॅल्शियम पाहत राहतात. ठणका थांबला की फ्लोराइड निकामी झाले असे समजते, म्हणून जागा बधिर करून वेदना झाकण्याची घाई डॉक्टर करत नाहीत.

वॉशिंग सेंटरच्या मालकांनी यातून एकच नियम घ्यावा: फ्लोराइडयुक्त किंवा लेबल नसलेला द्रव दुकानात ठेवायचाच नाही. पातळ रबरी हातमोजे हे त्यावर उत्तर नव्हे. त्यांना बारीक छिद्र पडले तर आम्ल आत साचून राहते. गिऱ्हाइकानेही ‘पाच मिनिटांत करून दे’ असा आग्रह धरताना ते पाच मिनिटांत कशाने होणार आहे, हे विचारायला हवे.

दोष काचेचा की डोळ्याचा?

शेवटी पुन्हा त्या रात्रीच्या रस्त्याकडे. दिव्यांनी डोळे दिपत असतील तर आधी काच आतून-बाहेरून धुवावी, वायपरचे रबर चिरले असेल तर बदलावे आणि चष्म्याची भिंगेही पुसावीत. मग अंधारात गाडी सुरक्षित जागी उभी करून समोरून येणारा दिवा एकदा काचेतून पाहावा आणि एकदा खाली उतरून, नुसत्या डोळ्यांनी किंवा चष्म्यातून. काचेतून तो पसरलेला दिसतो आणि बाहेर उभे राहून स्वच्छ दिसतो, तर काच दोषी. बाहेरूनही दिव्याभोवती किरणे किंवा वलये दिसत असतील, तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला हवे. मोतीबिंदू, डोळ्यांचा कोरडेपणा, बदललेला नंबर ही नेहमीची कारणे असतात. वलयांसोबत डोळा दुखत असेल, लाल झाला असेल किंवा डोके दुखून उलट्या होत असतील, तर ती काचबिंदूची तातडीची अवस्था असू शकते. अशा वेळी सकाळची वाट पाहू नये. मधुमेह असलेल्यांनी तर तक्रार नसली तरी वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा तपासून घ्यावा.

काच पुसायला आठवड्यातली दहा मिनिटे, थोडे पाणी आणि दोन स्वच्छ कापडे एवढेच लागते. आणि त्यानेही न निघणारा डाग राहिलाच, तर काच बदलून मिळते. ती पुसणाऱ्या मुलाची बोटे बदलून मिळत नाहीत.